साखर, मध आणि किडामुंगी

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासावर लिहा," असे संपादिकाबाईंनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात छत्रपती प्रतापसिंह महाराज किंवा सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन असे कोणीतरी असावे. मी किड्यांवर लिहिते म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. परंतु राजेरजवाड्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्या घरात साखरेचा डबा भरलेला असतो, औषधाला मधाची बाटली असते, ती कोठून येते याचा इतिहास लिहायला बसले की वाटेत कोठे ना कोठे किडा भेटतोच. माझे माहेर वाळवे तालुक्यातले, कृष्णाकाठचे, सासर साताऱ्याचे. त्यामुळे ऊसही जवळून पाहिला आणि महाबळेश्वरचा मधही. वास्तविक ही दोन्ही घरे पूर्वी एकाच जिल्ह्यात होती. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली-मिरजेकडची संस्थाने मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. तेव्हा या लेखात मी कधी डोंगरावर तर कधी नदीकाठी गेले, तर वाचक भगिनींनी ते एकाच घरातल्या दोन खोल्यांत जाणे समजावे.

किड्यांची ओळख आपल्याला नाही असे कोण म्हणेल? तांदळातले सोंडे, कडधान्यातले भुंगे, पिठात धरलेली जाळी, चौकटीची वाळवी, ठेवणीतल्या शालूला लागलेली कसर. आणि त्यांवरचे आपले उपाय, म्हणजे कडुनिंबाचा पाला, बिब्बे, राख, एरंडेलाचा हात आणि चैत्र-वैशाखाचे ऊन. ही सारी ओळख भांडणातली आहे. आजवर जगात सुमारे दहा लाख जातींच्या कीटकांना शास्त्रज्ञांनी नावे दिली आहेत. त्यांत आपल्या कोठीवर डोळा ठेवणारे मूठभर. बाकीच्यांशी आपला काही तंटा नाही. ते आपल्याला माहीतच नाहीत, एवढेच. सहा पाय असलेला तो कीटक, ही सोपी खूण मुलांना सांगून ठेवावी. कोळी आणि विंचू त्यात बसत नाहीत. पहिल्या पावसात अंगणात येणारा तो लाल मखमली मृगाचा किडासुद्धा बसत नाही, कारण त्याला आठ पाय असतात!

आपल्या भाषेत आपण "तांदळात किडे झाले" म्हणतो, "फळात किडे पडले" म्हणतो. जणू ते आपोआप झाले, वरून पडले. हा समज आपल्याच आजीपणजीचा नव्हे. साऱ्या जगाचा होता. घाणीतून, कुजक्या मांसातून, चिखलातून किडे जन्मतात असे युरोपातले पंडितही दोन हजार वर्षे मानीत होते. इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदी या वैद्याने १६६८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने काही भांड्यांत मांस उघडे ठेवले आणि काहींवर पातळ कापड बांधले. उघड्या मांसात अळ्या दिसल्या, बांधलेल्यात दिसल्या नाहीत. माश्यांनी अंडी घातली ती कापडावर. दुधावर जाळी झाकणाऱ्या कोणाही बाईला यात नवल वाटू नये, पण त्या काळी ही मोठी गोष्ट ठरली.

त्याच सुमारास जर्मनीत मारिया सिबिला मेरियन नावाची एक स्त्री होती. तिचा जन्म १६४७ चा. तेरा वर्षांची असताना तिने रेशमाचे किडे पाळून त्यांची चित्रे काढायला आरंभ केला. सुरवंट, कोश आणि फुलपाखरू हा एकाच जिवाचा प्रवास आहे, आणि प्रत्येक सुरवंटाचे आपले आवडते झाड असते, हे तिने चित्रांतून दाखवले. १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या लेकीला बरोबर घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, तेथल्या रानांत दोन वर्षे हिंडली, आणि १७०५ साली तिचा मोठा ग्रंथ निघाला. बावन्नाव्या वर्षी आपल्याला वाईला एकटीने जायचे तर चार जणांना विचारावे लागते!

आता आपल्या डोंगराकडे वळू. जावळीच्या आणि महाबळेश्वरच्या रानात मध फार पूर्वीपासून निघतो. पण तो काढायची जुनी रीत क्रूर होती. अंधाऱ्या रात्री पलिता घेऊन पोळ्यापाशी जायचे, माश्या जाळून हाकलायच्या, पोळे मुळापासून कापायचे आणि फडक्यात घालून पिळायचे. त्या पिळण्यात मधाबरोबर अंडी, अळ्या, परागकण सारेच यायचे. मध गढूळ निघे, लवकर आंबे, आणि मोहोळ संपून जाई. एकदाच मध मिळायचा. त्या कपारीत पुढल्या वर्षी माशी येईल की नाही ते दैवावर.

यात बदल झाला तो एका फटीच्या शोधाने. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने १८५१ साली असे पाहिले की, माश्या दोन पोळ्यांच्या मध्ये जाण्यायेण्यापुरती एक ठरावीक जागा मोकळी ठेवतात. त्यांच्याकडच्या माशीच्या बाबतीत ती एक सेंटीमीटरच्या आतबाहेर भरते. फट त्याहून लहान असली तर त्या ती लिंपून टाकतात, मोठी असली तर तेथे नवे पोळे बांधतात. ही जागा नेमकी सांभाळून पेटीत लाकडी चौकटी टांगल्या, की प्रत्येक पोळे वेगळे उचलता येते. मग चौकट मधयंत्रात फिरवायची, मध बाहेर पडतो, आणि रिकामे पोळे जसेच्या तसे माश्यांना परत देता येते. माशी मरत नाही, तिची पिले मरत नाहीत, मेणाचे बांधकामही वाचते.

ही पेटी आपल्या डोंगरात रुजली ती १९४६ पासून. त्या वर्षी महाबळेश्वरास मधमाशापालनाचे सरकारी काम सुरू झाले, आणि तेच पुढे राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय झाले. १९६२ साली खादी आयोगाने पुण्यास मधमाश्यांची केंद्रीय संशोधन संस्था काढली. पेटीत राहायला तयार झाली ती आपली सातेरी माशी. ती अंधाऱ्या ढोलीत एकापुढे एक अशी अनेक पोळी लावते, म्हणून तिला पेटी परकी वाटत नाही. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे लावते आणि कोणाच्या पेटीत शिरत नाही. फुलोरी माशी इवलीशी, झुडपात वीतभर पोळे करणारी. सातेरीचा मध थोडा, पण डोंगरातल्या बाईमाणसाला घराच्या परसात चार पेट्या सांभाळता येतात. त्याला रान लागत नाही की बैल लागत नाहीत. फक्त वेळच्या वेळी पेटी उघडून मुंग्या आणि मेणकिडा पाहावा लागतो.

महाबळेश्वरचा मध म्हणून आपण एकच बाटली आणतो, पण मधपाळांना विचारा. जांभळाचा वेगळा, किंचित तुरट, हिरड्याचा वेगळा, गेळ्याचा वेगळा, पिशाचा वेगळा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. त्या वर्षी सारी डोंगरउतरण जांभळी होते आणि पेट्या भरभरून वाहतात. म्हणजे बाटलीतला मध ही त्या वर्षीच्या रानाची नोंदवहीच. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तेथे घरोघर पेट्या आहेत. अशा गावात कोणी डोंगराला वणवा लावला किंवा फुललेले जांभूळ तोडले, तर ते सरकारचे रान म्हणून लोक गप्प बसत नाहीत. त्यांच्या घरची दुभती जनावरेच मारल्यासारखे ते आहे. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट मोलाची वाटते. माशी जगवायला कायदा करावा लागला नाही. जिवंत माशी मेलेल्या माशीपेक्षा अधिक देते, हे लोकांनी पाहिले.

आणि मध हा माशीच्या कामाचा लहानसा भाग. एक कामकरी माशी ऐन हंगामात जेमतेम सहा आठवडे जगते आणि तेवढ्या जन्मात चहाच्या चमच्याचा दहावा-बारावा हिस्सा मध करते. तिचे खरे काम एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला पोचवणे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. त्या स्ट्रॉबेरीवर बाहेरून जे बारीक दाणे दिसतात, त्यांतला प्रत्येक दाणा स्वतंत्रपणे फळावा लागतो, तेव्हा त्याच्याभोवतीचा गर फुगतो. माशीने फूल नीट फिरून पाहिले नाही, तर काही दाणे वांझ राहतात आणि फळ एका बाजूने चिमटते. बाजारात वेडीवाकडी स्ट्रॉबेरी दिसली तर पुष्कळदा त्या फुलावर माशी पुरेशी फिरली नाही असे समजावे. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिकांना कमीअधिक प्रमाणात अशा परागवाहकांची मदत लागते. गहू, तांदूळ आणि ज्वारी यांना लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. उगीच "माशी गेली की सारी भाकरी गेली" असे भय घालण्यात अर्थ नाही. भाकरी राहील. तिच्यासोबतचे दोडके, भोपळा, कारळ्याची चटणी आणि शेवटचे फळ यांची पंचाईत होईल.

मधमाशी निदान डोळ्यांना दिसते. न दिसणाऱ्या एका किड्याची हकीकत सांगण्यासाठी मी तुम्हांला नदीकाठी, भिलवडीजवळच्या औदुंबरास नेते. दत्ताच्या दर्शनाला आपण जातो, उंबराला प्रदक्षिणा घालतो. "उंबर फोडून केंबरे काढू नयेत," असे जुनी माणसे म्हणत. म्हणजे झाकले ते झाकलेलेच राहू द्यावे. पण एकदा उंबर फोडून पाहायला हरकत नाही. उंबराला फूल येत नाही असे आपण समजतो, ते खरे नव्हे. त्याची शेकडो बारीक फुले त्या गोळ्याच्या आतच असतात, आणि तेथवर पोचणारी एकच जात आहे, तिळाहून लहान अशी गांधिलमाशीच्या कुळातली एक माशी. मादी गोळ्याच्या तोंडाशी असलेल्या अरुंद वाटेने आत घुसते. घुसताना बहुधा तिचे पंख तुटतात. ती पराग देते, अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढली पिढी आतच वाढते. नरांना पंखच नसतात; ते आतून बोगदा पोखरतात, आणि पराग घेऊन माद्या त्यातून बाहेर उडतात. उंबराला ही माशी नसेल तर बी नाही, आणि या माशीला उंबर नसेल तर घर नाही. उंबर वर्षातून अनेकदा फळतो, इतर झाडे रिकामी असतानाही फळतो, म्हणून कितीतरी पाखरे, वटवाघळे, वानरे त्यावर जगतात. ज्या झाडापुढे आपण हात जोडतो ते एका केंबऱ्याच्या भरवशावर उभे आहे.

ही झाली निसर्गाने लावून दिलेली जोडी. माणसाने मुद्दाम किडा आणून एक संकट निवारले, अशीही हकीकत आपल्या दक्षिण देशात घडून गेली आहे, आणि आता ती कोणाच्या ध्यानात नाही. माझ्या आजेसासूबाई सांगत, त्यांच्या लहानपणी गावाच्या भोवती, ओढ्याच्या कडेला, पडीक रानात फड्या निवडुंगाची बेटेच्या बेटे होती. त्यात साप, डुकरे. आणि गुरे शिरली तर काट्यांनी डोळे फुटायचे. हे निवडुंग मूळचे आपले नव्हे, अमेरिकेतले. येथे त्याला खाणारा कोणी नव्हता, म्हणून ते माजले. १९२६ साली सिलोनातून कोचिनीलच्या जातीचा एक किडा हिंदुस्थानात आणून सोडण्यात आला. निवडुंगावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसू लागले. चिरडले की बोट तांबडे होई. पाच-सहा वर्षांत दक्षिण हिंदुस्थानातले हजारो एकर निवडुंग वाळून गेले. आजेसासूबाईंना ते देवीचा कोप झाल्यासारखे वाटले होते. ऑस्ट्रेलियातही निवडुंगाचा असाच उपद्रव झाला होता. तेथे अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळीने तो मोडून काढला, आणि तेथल्या शेतकऱ्यांनी १९३६ साली एका खेड्यात त्या किड्याच्या नावाने स्मारक म्हणून सभागृह बांधले. आपल्या मंडळाच्या सभागृहाला कोणाचे नाव द्यावे यावर किती सभा झाल्या ते आठवून मला या हकीकतीची गंमत वाटते.

आता ज्या प्रसंगाने मी स्वतः किड्यांकडे वळले तो सांगते. २००२ चा जुलै. सांगली जिल्ह्यात उसावर एक नवीच कीड दिसली. बंगाल-आसामकडे ती पूर्वीपासून ठाऊक होती, पण पश्चिम आणि दक्षिण भारतात ती प्रथम नोंदली गेली ती आपल्या सांगलीत. नाव पडले लोकरी मावा. पानाच्या खालच्या अंगाला पिंजलेल्या लोकरीसारखा पांढरा थर. त्या लोकरीखाली हजारो मावे पानाचा रस शोषत बसलेले. त्यांच्या अंगातून चिकट गोड पाणी गळते, ते खालच्या पानांवर पडते, त्यावर काळी बुरशी धरते, आणि हिरवे पान काजळी धरल्यासारखे होते. काजळी धरलेल्या पानाला ऊन मिळत नाही. मग उसाचे वजन घटते आणि साखरेचा उतारा पडतो. गौरी-गणपतीला मी माहेरी गेले, तर आईचे लुगडे बांधावरून येताना काळ्या डागांनी भरलेले. दादा ओसरीवर डोके धरून बसलेला. तीन एकर ऊस, सोसायटीचे कर्ज, आणि धाकटीचे लग्न ठरलेले.

या माव्याची वाढ ऐकूनच छाती दडपते. त्याला नराची गरजच पडत नाही. मादी अंडी न घालता थेट पिले देते, तीही माद्याच, आणि त्या थोड्याच दिवसांत पुन्हा विऊ लागतात. काहींना पंख फुटतात व त्या वाऱ्याबरोबर पुढल्या शिवारात जातात. महिना-दोन महिन्यांत कीड कर्नाटकात पोचली. लोकांनी हाताला येईल ते औषध मारायला घेतले. पण ऊस पुरुषभर उंच वाढलेला, पाने एकमेकांत गुंतलेली, आणि मावा पानाच्या खाली. फवारा वरच राहतो. आत शिरून पंप मारणाऱ्या गड्याच्या अंगावरच निम्मे औषध गळे. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याने दुकानदाराच्या सांगण्यावरून लागोपाठ तीन वेळा औषध मारले. दर वेळी चार दिवस पान स्वच्छ दिसे आणि पंधरवड्यात लोकर पुन्हा दाट होई.

याचे कारण दादाला कळले ते एका तरुण कृषी साहाय्यकाकडून. दादाने पंप ठरवलेला होता. दुसऱ्या दिवशी मारायचा. त्या मुलाने उसाचे एक पान उलटे केले आणि खिशातले भिंग दादाच्या हाती दिले. लोकरीत रेशमासारखे बारीक जाळे होते आणि जाळ्याखाली एक हिरवट अळी मावे खात होती. "काका, हिला मारायचं का, ते तुम्हीच ठरवा," तो म्हणाला. ही डिफा नावाच्या पतंगाची अळी. शेतकरी तिला तिच्या जुन्या शास्त्रीय नावाने 'कोनोबाथ्रा'च म्हणत. दुसरा एक मित्र म्हणजे मायक्रोमस. त्याची अळी लांबट, चपळ, माव्यात घुसून एकेकाला शोषणारी. हे दोघे कोणी आणून सोडले नव्हते. मावा आला तसे ते त्याच्या मागोमाग आपल्या उसात दिसू लागले होते. औषधाने मावा मरे, पण त्याबरोबर तेही मरत. मावा पुन्हा वाढे तो झपाट्याने, आणि त्याला खाणारा मागे उरलेला नसे.

दादाने पंप परत पाठवला. हे लिहायला एक ओळ पुरते, पण त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही. वहिनी उघड बोलली की, दुसऱ्याच्या पोराच्या सांगण्यावर आपण तीन एकर पणाला लावतो आहोत. पुढे दादाने दुसऱ्या गावाहून अळ्या आणि कोश असलेली पाने कापून आणली आणि आपल्या उसात जागोजाग अडकवली. शेतकऱ्यांत हाच उपाय मग पसरत गेला. ज्याच्याकडे मित्रकीड असेल त्याच्याकडून पाने मागायची, जसे आपण विरजण मागतो. साखर कारखान्यांनी जाळीच्या मांडवात या किडी वाढवायला घेतल्या. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठे, बंगळूरची जैविक नियंत्रणाची संस्था, सारे यात होते. पुढे ईशान्येकडून एन्कार्सिया नावाची माव्यावर जगणारी चिमुकली माशी आणून सोडली, तीही येथे रुळली. दोन-तीन वर्षांत लोकरी मावा आटोक्यात आला. अजून तो कोठे कोठे दिसतो, पण त्याचे भय राहिले नाही.

दादाचा ऊस त्या वर्षी साजरा झाला असे मात्र कोणी समजू नये. एकरी टनेज बरेच घटले आणि धाकटीचे लग्न एक वर्ष पुढे गेले. राज्याचे साखर उत्पादन २००३-०४ च्या हंगामात आदल्या हंगामाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. त्यात दुष्काळाचा वाटा मोठा होता, साराच दोष माव्याचा नव्हे. परंतु औषधांवरचा खर्च वाचला, आणि त्यानंतर आमच्या शिवारात पुष्कळांनी औषध मारायच्या आधी पान उलटे करून पाहण्याची सवय धरली. वहिनी तर आता भिंग कमरेला लावून हिंडते, असे भाचे चेष्टेने सांगतात.

औषधांविषयी पहिला मोठा इशारा दिला तोही एका स्त्रीनेच. अमेरिकेतल्या रेचेल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक १९६२ साली निघाले. डीडीटीसारखी विषे किड्यांतून पाखरांत आणि पाखरांतून पुढे कशी साठत जातात ते त्यांनी मांडले. औषध कंपन्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. त्या स्वतः कर्करोगाने आजारी होत्या आणि दोनच वर्षांनी वारल्या. १९७२ साली त्यांच्या देशाने शेतीत डीडीटी बंद केले. अलीकडची दुसरी गोष्ट जर्मनीतली. क्रेफेल्ड गावात कीटकांचा छंद असलेल्या लोकांचे एक मंडळ आहे, आपल्यासारखेच हौशी. त्यांनी १९८९ पासून सत्तावीस वर्षे, त्रेसष्ट ठिकाणी, एकाच पद्धतीच्या जाळ्यात सापडणारे उडते किडे तोलून ठेवले. २०१७ साली हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा त्या वजनात पाऊणपट घट आढळली, तीही राखून ठेवलेल्या रानांत. मंडळे नुसती हळदीकुंकवे करतात असे म्हणणाऱ्यांना हे ऐकवावे.

आपल्याकडे राखलेले रान म्हटले की कास पठार. २०१२ साली ते जागतिक वारशात गेले आणि भाद्रपदात तेथे मोटारींची रीघ लागू लागली. पाहुणे फुले पाहतात, फोटो काढतात. पण तेरडा, कवला, गेंद आणि सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी ही सारी मंडळी माणसांसाठी नटत नाहीत. त्यांचे आमंत्रण माश्यांना, भुंग्यांना, फुलपाखरांना असते. गंमत अशी की, त्याच पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती उलट किडेच खाऊन जगतात. खडकावरच्या त्या वीतभर मातीत खत कोठून मिळणार? म्हणून त्या किड्यांतून ते मिळवतात. कासच्या तलावाचे पाणी आपण सातारकर पितो, तेव्हा त्या पठाराशी आपले नाते चार फोटोंपुरते नाही. आणि नागपंचमीला चिरू नये, कापू नये, नांगर धरू नये हा नेम आमच्या शिराळ्याकडे अजून कसोशीने पाळतात. तो नागासाठी म्हणून सांगतात. पण ऐन श्रावणात, जमिनीतले सारे जीव वर आलेले असताना एक दिवस का होईना मातीला हात न लावण्याचा हा रिवाज ज्या कोणी घातला, त्या बाईला पुष्कळ कळत असले पाहिजे. बाईच असणार, चिरण्याकापण्याचे तिलाच सुचेल.

आता आपल्याच दारातला विषय, कारण पुढल्या महिन्याच्या सभेत तो येणार आहे. मंडळाच्या इमारतीच्या मागच्या सज्जाखाली दिवाळीपासून आग्या मोहोळ लागले आहे. रात्री माणूस बोलावून ते जाळावे अशी काही भगिनींची सूचना आहे. मुले खाली खेळतात, भीती खोटी नाही. आग्या माशी खवळली तर अनेक डंख होतात, आणि कोणाला धाप लागली, अंगावर गांधी उठल्या तर तत्काळ दवाखान्यात न्यावे लागते. पण ही माशी एका जागी कायम राहत नाही. हंगाम सरला, रानातला फुलोरा संपला की सारे मोहोळ पावसाळ्याच्या सुमारास उठून जाते, रिकामे पोळे मागे ठेवून. तोवर धूर करू नये, दगड मारू नये, उग्र वासाचे अत्तर लावून तेथे जाऊ नये, आणि सज्जातला दिवा रात्री लावू नये, कारण उजेडावर ती आत येते. त्या मोहोळाच्या माश्या कोठे जातात हे मी दोन-तीन सकाळी पाहिले. समोरच्या वाड्यातल्या शेवग्यावर जातात. त्या शेवग्याच्या शेंगा निम्म्या पेठेत वाटल्या जातात, त्यांत सूचना करणाऱ्या भगिनीही आल्या. माझी सूचना एवढीच की, संक्रांतीचे हळदीकुंकू पुढच्या दालनात करावे, मागच्या जिन्याला पावसाळ्यापर्यंत कुलूप घालावे आणि तेथे मोठ्या अक्षरांत पाटी लावावी. पाटी मी लिहून आणीन. कुलूप कोठीच्या फडताळात आहे, किल्ली चिटणीस बाईंकडे.